२५ वर्षांच्या फॅमिली डॉक्टरांकडे रजिस्ट्रेशन नंबर कसा मागायचा? मेडिक्लेमची क्वेरी आली आहे

कृष्णाकाठची · ११ डिसेंबर २०२५

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

माझे वडील, आण्णा, आईबरोबर कराडला असतात. वय ७१. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन १३ वर्षं झाली. मी पुण्यात, वारज्याला. करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये, मी दोघांची मिळून ५ लाखांची मेडिक्लेम काढली. एकही हप्ता चुकवला नाही आणि आजवर एकही क्लेम केला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये आण्णांना ताप आला. ११ तारखेला ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. १३ ला पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "उजवीकडे खाली आवाज बरा नाही. आजच एक्स-रे काढा, मी चिठ्ठी देतो." न्यूमोनिया निघाला. त्यांच्याच सांगण्यावरून १४ ला गावातल्या एका १२ बेडच्या नर्सिंग होममध्ये ॲडमिट केलं. सहा दिवस होते. बिल ८४,३०० रुपये. तिथं कॅशलेस नव्हतं, म्हणून मी भरले आणि नंतर क्लेम टाकला.

८ डिसेंबरला कंपनीची मेल आली. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची पदवी आणि रजिस्ट्रेशन नंबर. रक्तदाब केव्हापासून आहे त्याचा पहिला केसपेपर. आणि हॉस्पिटलचं नोंदणी प्रमाणपत्र. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलंय की पेशंटला १० वर्षांपासून बीपी आहे. मी २०२१ साली फॉर्म भरताना बीपीच्या रकान्यात "नाही" लिहिलं होतं. आता त्यांना वाटतंय की आम्ही लपवलं.

आम्ही काही लपवलेलं नाही. आण्णांना गोळी अगदी अलीकडे सुरू झाली. नर्सिंग होममध्ये रात्री अकरा वाजता एका मुलाने त्यांना विचारलं, "आजोबा, बीपी किती वर्षांपासून?" तापाने फणफणलेले आण्णा म्हणाले, "झाली असतील की आठ-दहा वर्षं." मी शेजारी उभी होते. तेव्हा त्या वाक्याचं मला काहीच वाटलं नाही.

आता खरी अडचण. आमचे डॉक्टर बीएचएमएस आहेत. मी नववीत असल्यापासून त्यांच्याकडे जातोय, म्हणजे २५ वर्षं झाली. त्यांच्या चिठ्ठीवर वर नाव असतं, खाली गोळ्या असतात, कधी तारीख असते, कधी नसते. नंबर मी कधी पाहिलेला नाही, पाहायची गरजच वाटली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आईला करोना झाला, साताऱ्यात-कराडात कुठं बेड मिळेना, तेव्हा हा माणूस दिवसातून दोनदा फोन करून ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा. अशा माणसापुढं उभं राहून "डॉक्टर, तुमचं सर्टिफिकेट दाखवा" कसं म्हणायचं? त्यांना वाटेल हिचा विश्वास उडाला. आणि म्हटलं तरी, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची बीपीची गोळी दिली हे कंपनी मान्य करते का? का मी कागद पाठवून उलट त्यांनाच अडचणीत आणेन?

कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. १५ दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

स्पष्ट बोलतो · ११ डिसेंबर २०२५

ताई, राग मानू नका. ७१ वर्षांच्या माणसाचं बीपी एमडी फिजिशियनकडेच असायला हवं. आपण प्रेमापोटी घराजवळचा डॉक्टर सोडत नाही आणि कागदाची वेळ आली की असं होतं. क्लेमचं काहीही होवो, डॉक्टर बदला.

जुना टीपीएवाला · ११ डिसेंबर २०२५

मी नऊ वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासत होतो, आता ते काम सोडलं आहे. तुमची मेल दोनदा वाचली. मला वाटतं तुम्ही पहिली मागणी चुकीच्या माणसावर लावून घेतली आहे.

"उपचार करणारे डॉक्टर" म्हणजे नर्सिंग होमचे डॉक्टर, ज्यांच्या सहीने आण्णा ॲडमिट झाले ते. तुमचे फॅमिली डॉक्टर नव्हेत. डिस्चार्ज कार्ड काढून पाहा. बहुतेक तिथं नुसती सही आणि हॉस्पिटलचा गोल शिक्का असेल, डॉक्टरांच्या नावाचा आणि नंबराचा शिक्का नसेल. ही क्वेरी आम्ही रोज काढायचो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी तुम्ही स्वतःही पाहू शकता. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुष्कळ चांगल्या डॉक्टरांचं ते राहून जातं. तेवढं तपासा.

हॉस्पिटलचं प्रमाणपत्र मागतात ते बेडसाठी. १० लाखांच्या आतल्या गावात निदान १० बेड, मोठ्या शहरात १५, शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, अशी पॉलिसीतली व्याख्या असते. सरकारदरबारी नर्सिंग होम म्हणून नोंद असली की तेही चालतं. कराडला १२ बेड म्हणजे काळजी नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स द्या, विषय संपला.

आता खरी मागणी बीपीची. इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळेपर्यंत थांबायचा काळ. तुमची पॉलिसी ५१ महिने जुनी आहे. जुन्या आजारांचं थांबणं पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने होतं, एप्रिल २०२४ पासून ३६ झालं. दोन्ही हिशेबांनी तुम्ही पलीकडे गेलात. शिवाय न्यूमोनिया काही बीपीमुळे झालेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्ममध्ये खोटं लिहिणं. सलग ६० महिने पूर्ण झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला तो मुद्दा काढता येत नाही. तुमचे अजून नऊ महिने बाकी आहेत. म्हणून त्यांना ती "१० वर्षं" हवी आहेत. ती टिकली तर क्लेम तर जाईलच, पॉलिसीसुद्धा रद्द करू शकतात. तेव्हा ८४ हजारांसाठी नव्हे, पॉलिसीसाठी भांडा. ७१ व्या वर्षी नवी कोण देणार?

आणि ती १० वर्षं मोडायला जगात एकच माणूस उपयोगी आहे, तुमचे बीएचएमएस डॉक्टर. त्यांनी गोळी ज्या दिवशी पहिल्यांदा लिहिली तो कागद, रजिस्टरची ओळ, काहीही. होमिओपॅथी कौन्सिलकडे नोंद असलेले डॉक्टर विम्याच्या व्याख्येत "मेडिकल प्रॅक्टिशनर" म्हणून बसतात. अट एवढीच की ते त्यांच्या परवान्याच्या मर्यादेत काम करत असले पाहिजेत. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर होमिओपॅथ डॉक्टर एक वर्षाचा सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स करून ठरावीक ॲलोपॅथी औषधं देऊ शकतात. त्यांनी तो केलाय का, एवढं विचारा.

अजून एक विचारतो. ६७ व्या वर्षी पॉलिसी दिली म्हणजे कंपनीने आधी तपासणी केली असेल. कुणी घरी येऊन ईसीजी काढला होता का?

कृष्णाकाठची · १२ डिसेंबर २०२५

टीपीएवाले दादा, काल रात्री तुमचं वाचलं आणि पहिल्यांदा नीट झोप लागली. डिस्चार्ज कार्ड पाहिलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, सही आणि गोल शिक्का, नाव नाही, नंबर नाही.

आणि हो, मुलगा आला होता! ईसीजी, रक्त, लघवी, वजन, बीपी सगळं केलं होतं. आईने त्याला पोहे दिले होते म्हणून माझ्या लक्षात आहे. तो रिपोर्ट जुन्या मेलमध्ये सापडला. ५ ऑगस्ट २०२१, बीपी १२८/८०. त्यांचाच कागद आहे, त्यांच्याच माणसाने मोजलेला.

स्पष्ट बोलतो, तुमचं म्हणणं काळजीतून आलंय हे कळतं. पण उजव्या फुफ्फुसाचा आवाज ज्यांनी ओळखला तेच हे डॉक्टर आहेत. एक्स-रे आणखी दोन दिवसांनी निघाला असता तर मी आज बिलाची गोष्ट लिहीत नसते. मोठ्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा नेऊ, ते मान्य. डॉक्टर बदलणार नाही.

वैद्य, जुन्नर · १३ डिसेंबर २०२५

मी स्वतः बीएएमएस आहे, जुन्नर तालुक्यात ३१ वर्षं दवाखाना आहे. तुमचा प्रश्न मनाला लागला, कारण तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांच्या जागी मी बसतो.

नंबर विचारला म्हणून आम्हाला राग येत नाही. निदान यायला नको. माझी नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे, होमिओपॅथीची त्यांच्या वेगळ्या कौन्सिलकडे, एमबीबीएसची मेडिकल कौन्सिलकडे. नंबर पाटीवर, चिठ्ठीवर, पावतीवर असावा अशीच अपेक्षा आहे आणि प्रमाणपत्र भिंतीला लावून ठेवायचं असतं. माझं पेशंटच्या स्टुलासमोर लावलंय. एवढ्या वर्षांत ते वाचायला उठलेले लोक हाताच्या बोटांवर मोजता येतील. लाज पेशंटला वाटते, आम्हाला नाही.

आम्ही लिहीत का नाही, तेही सांगतो. सकाळी ५० पेशंट, संध्याकाळी ४०. फी ८० रुपये, त्यातच दोन दिवसांच्या गोळ्या आणि कधी इंजेक्शन. पुडीवर सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारल्या की पेशंटला पुरतं. तो कागद पुढं विमा कंपनीच्या टेबलावर जाईल हा विचार शिकताना कुणी दिलाच नाही. ओपीडीला मेडिक्लेम लागू नाही, मग कागद कशाला, असं आम्हीही धरून चाललो. पण ते पूर्ण खरं नाही. ॲडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांतला त्याच आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात. तुमच्या आण्णांचा १३ तारखेचा एक्स-रे, रक्त तपासणी, गोळ्या, हे सगळं त्यात येतं, पण तारखेची चिठ्ठी आणि पावती असेल तरच. आणि रक्ताच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरांचीच सही हवी, नुसती टेक्निशियनची चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलंय.

सीसीएमपीवरून ॲलोपॅथीच्या संघटना आणि होमिओपॅथीवाले यांच्यात मोठा वाद आहे, २०२५ मध्ये डॉक्टरांनी त्यावरून संपही केला. पण तो वाद वर चाललेला आहे. तुमच्या डॉक्टरांनी कोर्स केला असेल तर ते अभिमानाने दाखवतील. उत्तरवयात दवाखाना सांभाळून परीक्षा देणं सोपं नसतं.

जाताना एकट्या जा आणि ओपीडी संपल्यावर जा. पेशंटसमोर विचारू नका. आणि "कंपनीला पटवायला तुमची मदत हवी" असं म्हणा. तेच खरं आहे.

परळकर · १३ डिसेंबर २०२५

विषयाला थोडं सोडून. माझे सासरे गिरणीत होते. त्यांच्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, कार्डावर पॅनेलचा डॉक्टर ठरलेला असायचा, घरापासून दोन गल्ल्या सोडून. खोकला असो की रजेचं सर्टिफिकेट, त्याच्याकडे जायचं, पैसे द्यायचे नाहीत. त्या डॉक्टरांच्या पाटीवर "विमा डॉक्टर" असं मोठ्या अक्षरांत होतं आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखायचे. फॅमिली डॉक्टर आणि विमा एकत्र मी फक्त तेवढाच पाहिला. आता आमच्याकडे दोन मेडिक्लेम आहेत आणि सर्दीतापाचा एक रुपया मिळत नाही. कृष्णाकाठची, काय झालं ते नक्की कळवा. आण्णांना नमस्कार.

कृष्णाकाठची · २५ जानेवारी २०२६

उशीर झाला, पण निकाल लागल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

१३ डिसेंबरला शनिवार होता. दुपारी एक वाजता दवाखान्यात गेले. कंपाउंडर काका फरशी पुसत होते. डॉक्टरांना मेल वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आण्णा दहा वर्षं म्हणाले? त्यांना पगाराची तारीख सोडली तर एकही तारीख आठवत नाही." मग उठून मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून रजिस्टरं काढायला लागले. लांब, लाल कापडी पाठीची, दुकानात खतावणीला वापरतात तशी. मला वाटत होतं ते काही लिहितच नाहीत. चिठ्ठीवर नव्हते लिहीत, रजिस्टरमध्ये लिहीत होते. रोजची तारीख, नाव, गाव, तक्रार, औषध.

आण्णांच्या नावाची पहिली बीपीची ओळ १७ फेब्रुवारी २०२३ ची निघाली. १६०/९६, चक्कर, आठवड्याने पुन्हा बोलावले. २४ फेब्रुवारीला १५८/९४, आणि पुढं टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीची गोळी. त्याआधीच्या नोंदीही आम्ही शोधल्या, डॉक्टर एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने. २०१९ मध्ये पायाला खिळा लागला तेव्हा १३०/८०. २०२२ मध्ये जुलाबाच्या वेळी १२६/८२. चार वाजेपर्यंत बसलो. डॉक्टरीणबाईंनी वरून दोघांना जेवण पाठवलं.

नंबर मला विचारावाच लागला नाही. त्यांनी लेटरहेडवर पत्र लिहिलं आणि खाली स्वतःच नोंदणी क्रमांक घातला, सोबत सीसीएमपीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स लावली. कोर्स त्यांनी २०१८ मध्ये केलाय, म्हणजे आण्णांची गोळी सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी. प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं, दाराच्या मागं. दार उघडं असलं की झाकलं जातं आणि दवाखान्याचं दार कायम उघडंच असतं. मी म्हटलं, डॉक्टर, हे पुढच्या भिंतीवर लावा. "लावतो," म्हणाले. परवा आई जाऊन आली, लावलंय.

नर्सिंग होमला मात्र तीन चकरा झाल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सही, नाव आणि नंबराचा शिक्का लगेच दिला. "१० वर्षं" दुरुस्त करायला तयार नव्हते. एकदा लिहिलं ते लिहिलं, खाडाखोड केली तर आमच्यावर येईल, असं स्टाफचं म्हणणं. शेवटी टीपीएवाले दादांना निरोप पाठवून विचारलं. त्यांनी सुचवलं की दुरुस्ती मागू नका, वेगळं पत्र मागा : "बीपीचा कालावधी नातेवाईक किंवा पेशंटने तोंडी सांगितल्यावरून लिहिला आहे, त्याचा कोणताही जुना कागद आम्ही पाहिलेला नाही." हे खरंच होतं, त्यामुळे त्यांनी दिलं.

१९ डिसेंबरला सगळं पाठवलं, कंपनीच्याच २०२१ च्या रिपोर्टसकट. ९ जानेवारीला पुन्हा मेल आली की प्रकरण समितीकडे आहे. तेव्हा मात्र धीर सुटला होता. पुण्याच्या विमा लोकपालांकडे काय काय लागतं ते सगळं काढून ठेवलं होतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट पाहायची, मग अर्ज. वकील लागत नाही, फी नाही.

जावं लागलं नाही. २३ जानेवारीला ७९,१६० रुपये जमा झाले. कापले ते ५,१४०, हातमोजे, मास्क, फाइलचा चार्ज वगैरे. १३ तारखेच्या एक्स-रे आणि रक्त तपासणीचे १,१५० वेगळे मिळाले, कारण वैद्यांचं वाचून मी ते टाकले होते. डॉक्टरांच्या दोन दिवसांच्या फीची पावती नव्हती, ती मागितली नाही.

काल आण्णांना घेऊन दवाखान्यात पेढे द्यायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, आता चिठ्ठीवर तारीख घालतो, नंबराचा शिक्का करायला टाकलाय. आण्णांना त्यांनी बजावलं, की कुणीही आजाराबद्दल विचारलं तर "डॉक्टरांना फोन करा" एवढंच म्हणायचं.

टीपीएवाले दादा, एक शेवटचं विचारते. येत्या ऑगस्टमध्ये नूतनीकरण आहे. आता बीपी २०२३ पासून आहे असं कंपनीला आपणहून लेखी कळवू का? हप्ता वाढवतील का? आणि आईच्या गुडघ्याचंही सांगू का?

जुना टीपीएवाला · २५ जानेवारी २०२६

फार बरं वाटलं. हो, कळवा. पॉलिसी सुरू झाल्यानंतर झालेला आजार आहे, तो लपवायचं काही कारण नाही. डॉक्टरांच्या पत्राची प्रत मेलला जोडा आणि पोच जपून ठेवा. आधी क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून तुमचा हप्ताही वाढवता येत नाही. वयाच्या टप्प्यामुळे किंवा सगळ्यांचाच वाढला तर वाढेल. फक्त या वर्षी विम्याची रक्कम वाढवायला मागू नका, वाढीव रकमेसाठी ते पुन्हा तपासणी लावतात आणि थांबण्याचा काळ नव्याने मोजतात. ऑगस्टमध्ये ६० महिने पूर्ण होऊ द्या.

आईच्या गुडघ्याला डॉक्टरांनी पहिल्यांदा औषध कधी दिलं ते आधी त्या लाल रजिस्टरमध्ये पाहून घ्या, मग लिहा.